चांदीचा टी-सेट आणि माझी हिशेबाची वही



गेल्या दोन महिन्यांत निदान चार जणींनी मला एकच प्रश्न विचारला. सासू-सासऱ्यांचं घर रिकामं करायचंय, मुलांना त्यातलं काही नकोय, ते म्हणे ऑनलाइन लिलावात विकता येतं, तर हातात किती येतं? स्वाध्याय संपल्यावर चपला घालता घालता या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. दर वेळी मी "सांगते नंतर" म्हणून सुटका करून घेतली. आज सांगते. वही शेजारी उघडून बसले आहे, त्यामुळे आकडे आठवणीतले नाहीत, लिहिलेले आहेत.

आमच्या सासूबाई, म्हणजे आई, मागच्या वर्षी त्यांचं घर सोडून आमच्याकडे राहायला आल्या. अण्णा गेल्यावर पाच वर्षं त्या न्यू जर्सीतल्या त्या घरात एकट्या होत्या. अण्णा १९७० च्या दशकात इंजिनीअर म्हणून सांगलीहून इकडे आले आणि एकदा घरात आलेली वस्तू त्यांनी कधी बाहेर टाकली नाही. खोके, खोक्यातले खोके, आणि प्रत्येकावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं. हे म्हणाले, "एक ट्रक बोलवू आणि सगळं देऊन टाकू." आई काही बोलल्या नाहीत. रात्री मला हळूच म्हणाल्या, "अगं, विकून काही मिळेल का बघ की. मला सहाशे डॉलर पाहिजेत."

सहाशेचं कारण असं. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नातीला सांगलीत नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि वसतिगृहाचे पैसे मी देते असा शब्द आईंनी फोनवर देऊन टाकला होता. मुलाकडून घेऊन नाही, स्वतःच्या पैशातून. ह्यांनी लगेच चेकबुक काढलं, तर त्यांनी अशी नजर टाकली की ते मुकाट्याने ड्रॉवरमध्ये परत गेलं. म्हणून मी नवी वही घातली आणि पहिल्या पानावर "आईंचा हिशेब" असं लिहिलं.

सुरुवात कॅमेऱ्यापासून केली. कॅनन एई-१, अण्णांनी १९७८ मध्ये घेतलेला. हा कॅमेरा १९७६ साली बाजारात आला आणि लाखोंनी खपला, पण आजची तरुण मुलं फिल्मच्या नादी लागल्यामुळे त्याला पुन्हा मागणी आहे, असं आमच्या मुलाने सांगितलं. ईबेवर खातं उघडलं. वस्तू ठेवायला पैसे पडत नाहीत, महिन्याला अडीचशे वस्तूंपर्यंत ते फुकट आहे, हे वाचून मी खूश झाले. इथेच पहिली फसगत होते आणि ती आपली आपणच करून घेतो. फुकट असतं ते मांडणं. विकलं गेलं की मोजणी सुरू होते.

लिलावाची रीत थोडक्यात सांगते, कारण मला ती दोन वेळा वाचूनही कळली नव्हती. बोली लावणारा आपली जास्तीत जास्त रक्कम गुपचूप लिहून ठेवतो. साइट त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जाते. म्हणजे एखाद्याने तीनशे डॉलर लिहून ठेवले आणि दुसऱ्या कुणी पन्नासच्या वर बोली लावलीच नाही, तर वस्तू पन्नासच्या एक पायरी वर सुटते. तुमच्या वस्तूसाठी एक वेडा पुरत नाही, दोन लागतात. आणि दोघेही शेवटच्या पाच-दहा सेकंदांपर्यंत गप्प बसतात, कारण आधी बोली लावून भाव कशाला वाढवायचा!

मी ९९ सेंटपासून सुरुवात ठेवली होती. तसं केलं की गर्दी जमते, असं कुणीतरी सांगितलं होतं. सहाव्या दिवशी बोली ३१ डॉलरवर होती. मला झोप येईना. एवढ्याला गेला तर तो द्यावाच लागणार, लिलावात "राहू द्या, नाही विकायचा" म्हणता येत नाही. राखीव किंमत ठेवता येते, म्हणजे त्याखाली विकायचं नाही असं सांगता येतं, पण त्याचे वेगळे पैसे पडतात आणि वस्तू विकली नाही तरी ते जातात. मुलगा म्हणाला, "आई, मी माझ्या मित्राच्या खात्यावरून दोन-चार बोली लावतो, भाव चढेल." त्याला यात काही वावगं वाटलं नाही, खरंच मदत करायची होती. मी त्याला बसवून सांगितलं की हे खोटं गिऱ्हाईक उभं करणं झालं. साइटच्या नियमात ते बसत नाहीच, कायद्यानेही गुन्हा आहे. पण नियम नसता तरी ज्या कुणाच्या खिशातून ते वरचे वीस डॉलर निघाले असते, ते आपण त्याचे काढून घेतले असते. एवढं बोलून मी स्वतः मात्र रात्री दोनदा उठून बोली बघितली.

शेवटच्या पाच मिनिटांत ३१ चे १४० झाले. आईंना हाका मारल्या, दोघींनी स्क्रीनकडे बघत टाळ्या वाजवल्या. आईंनी विचारलं, "म्हणजे एकशेचाळीस आले?"

नाही, आई.

आता पेन घ्या. कॅमेरा १४०. टपालखर्च म्हणून मी गिऱ्हाइकाकडून १५ घेतले. झाले १५५. त्यावर त्याच्या राज्याचा विक्रीकर १२.४०. तो साइट परस्पर गोळा करते आणि परस्पर सरकारला भरते, आपल्या हाताला लागतही नाही. एकूण १६७.४०. साइटचं कमिशन या एकूण रकमेवर बसतं, फक्त १४० वर नाही. टपालाच्या पैशावर कमिशन, आणि आपण कधी पाहिलाही नाही अशा करावरसुद्धा कमिशन. मी विकलं तेव्हा, २०२५ मध्ये, बहुतेक वस्तूंना दर १३.६ टक्के होता आणि प्रत्येक ऑर्डरमागे वर ४० सेंट. दागिने, पुस्तकं, नाणी यांचे दर वेगळे आहेत, आणि दर बदलत असतात, म्हणून मांडायच्या आधी त्या दिवशीचं पान बघा. माझं कमिशन झालं २३.१७. प्रत्यक्ष टपालाला १८.६० लागले, कारण खोका, गुंडाळायचं प्लास्टिक सगळं धरून वजन किती होईल ते मी मोजलंच नव्हतं. खोका आणि प्लास्टिक ५. हातात उरले १०८ डॉलर २३ सेंट.

आईंनी वहीतली वजाबाकी स्वतः करून बघितली. मग म्हणाल्या, "अडत्याने बरेच घेतले की गं." त्यांच्या माहेरी हळदीचा व्यापार होता. सांगलीच्या पेठेतली अडत, हमाली, तोलाई त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. मला ज्या गोष्टीचा राग येत होता, ती त्यांना चटकन समजली. फक्त तिथे अडत्या समोर गादीवर बसलेला असे, असं म्हणाल्या.

आणखी एक. मांडताना एक बटण असतं, तुमच्या वस्तूची जाहिरात करू का असं विचारणारं. ते चालू राहिलं तर जाहिरातीमुळे विकल्या गेलेल्या वस्तूवर वेगळी टक्केवारी कापतात. ते बटण शोधून बघा, मगच पुढे जा.

कॅमेरा पोचून आठ दिवस झाले आणि निरोप आला. गिऱ्हाईक सभ्य होतं. त्याने लिहिलं होतं की लेन्सच्या आत बुरशी आहे, सोबत टॉर्च मारून काढलेला फोटो होता. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. मी वर्णनात काय लिहिलं होतं? "उत्तम स्थितीत." माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? हा लबाड आहे, आपली खराब लेन्स बसवून आपल्याला पाठवतोय. कारण अशा गोष्टी होतात. चांगली वस्तू ठेवून घेऊन तशीच मोडकी परत पाठवणारे, रिकामा खोका आला म्हणणारे लोक असतात. म्हणून वस्तूवरच्या नंबराचा फोटो आधी काढून ठेवायचा. तेवढं मी केलेलं होतं.

नियम असा आहे की वस्तू वर्णनाप्रमाणे नाही असं गिऱ्हाइकाने तीस दिवसांत सांगितलं, तर परतीचं टपाल विकणाऱ्याने भरायचं आणि त्याने दिलेले सगळे पैसे, पहिल्या टपालासकट, परत करायचे. मी तसं केलं. कमिशन बहुतेक परत मिळालं. पण जातानाचं टपाल, येतानाचं १६.२० आणि खोका, मिळून जवळजवळ चाळीस डॉलर माझ्या अंगावर आले. कॅमेरा आला तसा मी लगेच लेन्सवरचा नंबर जुळवून बघितला. माझाच होता. खिडकीपाशी नेऊन टॉर्च मारला, तर आत धागे. अण्णांनी तो कॅमेरा वीस वर्षं तळघरात चामड्याच्या केसमध्ये घट्ट बंद करून ठेवला होता. चामडं ओल धरतं, अंधार असतो, बुरशीला आणखी काय हवं? मी मनातल्या मनात त्या परक्या माणसाची माफी मागितली. मग त्याला तसं लिहूनही कळवलं, कारण मनातल्या मनात मागितलेली फार सोपी असते.

(आपण बुरशी लागलेलं अन्न खात नाही, त्यात जीव असतात म्हणून. लेन्समधल्या बुरशीचं काय, असा प्रश्न मला आईंनी विचारला. मी म्हटलं, आई, याचं उत्तर महाराजांना विचारू.)

दुसऱ्यांदा मांडताना मी सगळ्यात वर लिहिलं, "लेन्सच्या आत बुरशी आहे," आणि टॉर्चवाला फोटो पहिला लावला. लिलाव नाही, ठरीव किंमत ९६ डॉलर. तीन दिवसांत गेला. घेणाऱ्याने लिहिलं की तो अशा लेन्स उघडून साफ करतो, त्याला तीच हवी होती. तुम्हाला माहीत आहे का, ही साइट ज्यांनी १९९५ मध्ये सुरू केली त्या पियरे ओमिद्यार यांनी तिथे विकलेली पहिली वस्तू बिघडलेला लेझर पॉइंटर होती, १४ डॉलर ८३ सेंटला. बिघडलेला आहे हे तुम्हाला कळलंय ना, असं त्यांनी घेणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला की मी बिघडलेले लेझर पॉइंटर गोळा करतो! मोडक्या वस्तूलाही धनी असतो, फक्त तिला मोडकी म्हणून सांगावं लागतं. सगळं वजा जाता कॅमेऱ्याचे पदरात पडले ३९ डॉलर. पहिल्यांदाच टॉर्च मारला असता तर ८० च्या आसपास पडले असते.

त्याच कॅमेऱ्याच्या वेळी आणखी एक निरोप आला होता, तोही सांगून ठेवते. "लिलाव थांबवा, मी अडीचशे देतो, चेक पाठवतो, माझा माणूस येऊन घेऊन जाईल, आपला फोन नंबर द्या." माझ्या मैत्रिणीला असाच चेक आला होता, किमतीपेक्षा जास्त रकमेचा. वरचे पैसे आमच्या वाहतूकवाल्याला पाठवा असं सांगितलं. तिने पाठवले. बँकेत चेक जमा दिसला आणि काही दिवसांनी खोटा म्हणून परत गेला. तिने पाठवलेले पैसे मात्र खरे होते. म्हणून साइटच्या बाहेर व्यवहार करायचा नाही, कितीही गोड बोलला तरी. पैसे भरून झाल्यावर कुणी "वेगळ्या पत्त्यावर पाठवा" म्हणालं तरी पाठवायचं नाही, ऑर्डरवर जो पत्ता आहे त्याच पत्त्यावर, नाहीतर तक्रार आली तर साइट तुमच्या बाजूने उभी राहत नाही. साडेसातशे डॉलरच्या वरची वस्तू असेल तर पोचल्याची सही घ्यावीच लागते. आणि गिऱ्हाइकाने त्रास दिला तर त्याला वाईट शेरा देता येईल या भ्रमात राहू नका. विकणाऱ्यांची ती सोय २००८ मध्येच बंद झाली. ते तुम्हाला देऊ शकतात, तुम्ही त्यांना नाही. बोली जिंकून पैसेच न भरणारेही भेटतात, चार दिवस वाट बघून ऑर्डर रद्द करायची आणि पुन्हा मांडायचं, एवढंच हातात असतं. शिवाय खातं नवीन असेल तर विक्रीचे पैसे लगेच सोडत नाहीत, काही दिवस अडकवून ठेवतात. वसतिगृहाची तारीख डोक्यावर असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

खरे पैसे भलत्याच वस्तूने दिले. अण्णांचा एचपी-३५ कॅल्क्युलेटर. १९७२ साली तो निघाला तेव्हा त्याची किंमत ३९५ डॉलर होती, त्या काळी इंजिनीअर लोक त्यासाठी पैसे साठवत. आमचा चालू होत नव्हता, आतली बॅटरी गळून हिरवट झाली होती. मी तेच लिहिलं, तेच फोटो लावले. या वेळी ९९ सेंटचं धाडस नाही, लिलाव ६० पासून. विचारणा आली, "मूळची चामड्याची केस आहे का?" केस होती, पण आईंनी चामडं म्हणून ती पन्नास वर्षं गॅरेजात ठेवलेली, कॅल्क्युलेटर घरात रुमालात. त्यामुळे केस अगदी नवी! १६८ डॉलर आले, सगळं कापून १४२ हातात. त्यांच्या कॉलेजच्या काळातल्या स्लाइड रूलचे ३८. शिवणाचं मशीन आणि जेवणाचं टेबल आमच्याच गावातल्या लोकांनी येऊन नेलं, रोख १५०. ना कमिशन, ना टपाल. जड आणि मोठ्या वस्तूंसाठी दूरच्या गिऱ्हाइकाच्या नादी लागू नये हे तेव्हा कळलं.

एकूण ३६९ डॉलर. आईंना त्याची फिकीर नव्हती, कारण त्यांच्या हिशेबात टी-सेट अजून बाकी होता.

टी-सेट म्हणजे किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं आणि मोठा ट्रे. अण्णांना पहिली बढती मिळाली तेव्हा एका घरगुती विक्रीतून त्यांनी तो आईंसाठी आणला. आईंनी तो कधी चहासाठी वापरला नाही. दिवाळीला काढायचा, चिंचेने घासायचा, पुन्हा मलमलीत गुंडाळून ठेवायचा. भारतातून कुणी आलं की "आमच्याकडे चांदीचा टी-सेट आहे" हे त्या सहज बोलण्यात आणत, आणि अण्णा शेजारी बसून हसत.

मी वजन करायला किटली उलटी केली. तळाला चार अक्षरं होती, ई.पी.एन.एस. मुलाच्या जुन्या भिंगातून नीट वाचली. त्याचा अर्थ निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर नावालाच सिल्व्हर, त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नसते. आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात तेच. इथली खरी चांदी असेल तर "स्टर्लिंग" किंवा ९२५ असा छाप असतो, हजारात ९२५ भाग चांदी. तो कुठेच नव्हता. ट्रेच्या कडेला, चिंचेने घासून घासून, मुलामा उडालेला होता आणि खाली पिवळट दिसत होतं. मी तो ट्रे किती वेळा पुसला असेल, पण कधी बघितलाच नव्हता.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "नुसतं सिल्व्हर टी-सेट लिही. सगळे तसंच लिहितात. तळाचा फोटो लाव, ज्याला कळायचं त्याला कळेल." खोटंही नाही आणि खरंही नाही, असं ते वाक्य. मी लिहूनही बघितलं. मग स्वतःलाच विचारलं की ज्याला कळायचं नाही त्याचं काय? त्याच्याच न कळण्यावर तर आपला भाव चढणार होता. कॅमेऱ्याच्या वेळी मला माहीत नव्हतं, आता माहीत होतं. मी ते खोडलं.

पण खरा प्रश्न साइटचा नव्हताच. आईंना सांगायचं का? चार दिवस सांगितलं नाही. त्या दोनदा विचारून गेल्या, "मांडलास का गं सेट?" दुसऱ्यांदा मी "फोटो काढायचेत" म्हणाले आणि माझ्या लक्षात आलं की परक्या गिऱ्हाइकाशी एवढं खरं बोलणारी मी घरात रोज एक थाप मारतेय.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांना खिडकीपाशी बसवलं, हातात भिंग दिलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी अक्षरं वाचली. ट्रेची कड बोटाने चाचपली. बराच वेळ गेला. मग एवढंच विचारलं, "ह्यांना ठाऊक होतं का?"

मला काय माहीत? मी म्हटलं, "आई, त्यांनाही तसंच सांगून विकला असेल कुणीतरी." त्या म्हणाल्या, "तुला माहीत नाही ना? मग सांगू नकोस." बरोबरच होतं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच सोनाराकडे नेऊन दाखवायला सांगितलं. त्याने एका मिनिटात मुलामा म्हणून सांगितलं. येताना गाडीत त्या बोलल्या नाहीत. संध्याकाळी चष्मा लावून वही मागितली आणि माझ्याकडून हिशेब करून घेतला. मुलाम्याचा सेट तसा सांगून साठ-सत्तर डॉलरला गेला असता. वजन खोक्यासकट पाच किलोच्या वर, टपाल तीसच्या पुढे, ते गिऱ्हाइकाच्या माथी मारलं तर गिऱ्हाईकच नाही, आपल्या माथी घेतलं तर कमिशन कापून हातात वीस-पंचवीस. वाटेत किटलीचं नाक वाकलं तर तेही परत. आईंनी पेन्सिलीने त्या ओळीवर रेघ मारली.

याच सुमारास माझ्या माहेरच्या वहिनीचा सांगलीहून फोन आला. मी ऑनलाइन विकते हे तिच्यापर्यंत गेलं होतं. तिच्या माहेरच्या घरी माळ्यावर एक हस्तलिखित पोथी आणि छोटी पितळी मूर्ती सापडली होती. "तिकडे पाठवते, तू लाव की लिलावात, परदेशात फार किंमत येते म्हणे." मी म्हटलं, वहिनी, थांबा. भारतातून असं काही बाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याने बंदी आहे. मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर, आणि हस्तलिखिताला तर पंच्याहत्तर वर्षंच पुरतात. खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येतच नाही, पार्सल करणारीही अडकते आणि मांडणारीही. वस्तू किती जुनी हे आपल्याला कळत नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून दाखला घ्यावा लागतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, श्रुतपंचमीला ज्या शास्त्राची आपण पूजा करतो त्याला ९९ सेंटपासून बोली लावायची? वहिनी थोडी खट्टू झाली. मग म्हणाली, गावातल्या मंदिराच्या शास्त्रभांडारात विचारते. विचारलं का ते अजून कळलेलं नाही, या रविवारी फोन करणार आहे.

भारतातल्या मैत्रिणी विचारतील, आम्ही कुठे विकायचं? ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्येच बंद झालं. देशातल्या देशात जुन्या वस्तूंसाठी बहुतेक जणी ओएलएक्सवर टाकतात, तिथे लिलाव नसतो, समोरासमोर घासाघीस असते. तिथली एकच गोष्ट सांगते. पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही घालावा लागत नाही. कुणी "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" म्हणालं, तर तो पाठवत नाहीये, घेतोय.

आईंनी ३६९ डॉलर सांगलीला पाठवले. उरलेले २३१ त्या त्यांच्या सोशल सिक्युरिटीच्या पैशातून दर महिन्याला ७७ असे पाठवत आहेत. ह्यांनी पुन्हा एकदा विचारून बघितलं, पुन्हा तीच नजर. मुलीच्या आईला त्यांनी फोनवर सरळ सांगितलं, "मी चांदी समजत होते ती चांदी नव्हती, म्हणून तीन हप्ते." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण आई हसल्या.

टी-सेट आता मलमलीत नाही, ओट्यावर आहे. गेल्या सोमवारी आईंनी त्या किटलीत पहिल्यांदा चहा केला. नाकातून नीट धार पडत नाही, थोडा ट्रेमध्ये सांडतो. मी फडकं जवळ ठेवते. डिसेंबरचे ७७ पाठवले की वहीतला हा हिशेब बंद होईल.